सापडेल असं लिहावं

इंटरनेटवर मराठीत काही मिळत नाही, ही तक्रार बरीच वर्षं ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. आंब्याच्या कलमांची निगा, सातबाऱ्यावरच्या नोंदींचे अर्थ, घाटवाटांची वर्णनं, जुन्या दिवाळी अंकांतले लेख असं बरंच काही मराठीत टाइप झालेलं आहे आणि कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर पडून आहे. ज्याला ते हवं असतं तो गूगलमध्ये प्रश्न टाकतो आणि त्याच्यासमोर भलतंच येतं: एखादं इंग्रजी पान, हिंदी मजकूर, नाहीतर यंत्राने केलेलं ओबडधोबड भाषांतर. लिहिणारा म्हणतो, वाचक येत नाहीत. शोधणारा म्हणतो, मराठीत कोणी लिहीतच नाही. या दोघांची गाठ कशी घालून द्यायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

वेबसाइट सर्च इंजिनच्या निकालांत वर यावी आणि तिच्याकडे येणारे वाचक वाढावेत म्हणून जे काम करतात, त्याला एसईओ म्हणतात. या नावाभोवती आपल्याकडे संशय आहे आणि त्याला कारणंही आहेत. ‘पंधरा दिवसांत पहिल्या पानावर आणतो’ अशी हमी देणारे फोन लहानमोठ्या व्यावसायिकांना सारखे येत असतात. पैसे जातात, वेबसाइट होती तिथेच राहते आणि माणूस या विषयावरच फुली मारतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलेलं आहे. हमी देणाऱ्यांच्या गलक्यात मूळ काम झाकलं गेलं. ते काम खरं तर संपादकाचं आहे. वाचक काय विचारतोय ते ओळखायचं, त्याचं पूर्ण उत्तर लिहायचं, ते नीट मांडायचं आणि माणूस व यंत्र या दोघांनाही वाचता येईल अशा रूपात ठेवायचं. लेख लिहून झाला की लेखकाची जबाबदारी संपली, असं मी मानत नाही. तो गरजू माणसाच्या हाती पडेल अशी तजवीज करणं हाही लेखनाचाच भाग आहे. पुढची सगळी प्रकरणं याच भूमिकेतून लिहिली आहेत.

सर्च इंजिनं आज जशी वागतात तशी का वागतात, हे कळण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज यांनी ‘आर्ची’ तयार केलं. ते फक्त फाइलींची नावं शोधायचं. १९९४ मध्ये स्टॅनफर्डमधल्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी ‘याहू’ची सूची सुरू केली. तिच्यातल्या वेबसाइटची वर्गवारी माणसं करत. १९९५ च्या डिसेंबरात आलेलं ‘अल्टाव्हिस्टा’ पानांमधला मजकूर झपाट्याने शोधून देऊ लागलं. त्या काळातली क्रमवारी मुख्यतः पानावरच्या शब्दांवर अवलंबून असे आणि त्यामुळे लबाडी सोपी होती. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एक शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचा. वाचकाला तो दिसत नसे, यंत्राला दिसे.

१९९८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथे भरलेल्या परिषदेत सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांचा शोधनिबंध सादर झाला. त्यांच्या प्रायोगिक सर्च इंजिनकडे तेव्हा सुमारे २ कोटी ४० लाख पानं होती. एखाद्या शोधनिबंधाचं वजन जसं त्याचा हवाला कोणी कोणी दिला यावरून ठरतं, तसं वेबपानाचं वजन त्याच्याकडे येणाऱ्या लिंकवरून ठरवावं, ही त्यांची कल्पना. हाच ‘पेजरँक’. वजनदार पानाने दिलेल्या लिंकला जास्त किंमत, हे त्यातलं मर्म. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगल कंपनी स्थापन झाली.

मग लबाडीने आपला मोर्चा लिंककडे वळवला. लिंक विकत घेणं, शेकडो बनावट वेबसाइट उभारून त्यांच्यावरून आपल्याच पानाकडे बोट दाखवणं असे धंदे सुरू झाले. यात मोठी नावंही सापडली. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने काही काळ निकालांमधून काढून टाकली, कारण यंत्रासाठी एक आणि माणसासाठी वेगळं अशी पानं तिथे होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीसाठी पेरलेल्या हजारो लिंकचं प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केलं आणि तिची पानं झपाट्याने खाली गेली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ‘पांडा’ हा बदल आला. पोकळ, उचलेगिरीच्या मजकुराला त्याने खाली ढकललं. २०१२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ‘पेंग्विन’ने बनावट लिंकना लक्ष्य केलं. मेटा कीवर्डचा, म्हणजे पानाच्या कोडमध्ये भरून ठेवायच्या शब्दांच्या यादीचा, क्रमवारीसाठी आपण विचार करत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं, तरी ते भरून देण्याचे पैसे आजही कोणीतरी मोजत असतं. या इतिहासातून मी एक धडा घेतला आहे. पळवाट काही महिने चालते, मग बुजते आणि बुजताना वेबसाइटचं नाव खराब करून जाते. वाचकाच्या प्रश्नाला दिलेलं सरळ, भरीव उत्तर यांतल्या प्रत्येक बदलातून तगून राहू शकतं.

प्रत्यक्ष कामाचे टप्पे तीन. सर्च इंजिनचा बॉट पानावर येतो, मग सर्च इंजिन तिथला मजकूर आपल्या सूचीत नोंदवतं आणि कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून निवडून क्रम लावतं. बहुतेक जण तिसऱ्या टप्प्याची चिंता करतात आणि अडलेलं असतं पहिल्याच टप्प्यावर. एक नमुना वारंवार दिसतो. नवी वेबसाइट तयार होत असताना डेव्हलपर ‘सध्या शोधात दाखवू नका’ अशी खूण करून ठेवतो. वर्डप्रेसमध्ये तर तो एका चौकोनातला टिचभर टिकमार्क असतो. वेबसाइट सुरू होते, उद्घाटन होतं आणि ती खूण काढायची राहून जाते. मजकूर उत्तम, छायाचित्रं उत्तम आणि गूगलच्या लेखी वेबसाइट अस्तित्वातच नाही. दुसरा नमुना वेबसाइट नव्याने बांधल्यावरचा. जुन्या पानांचे पत्ते बदलतात, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी कायमची वळणं कोणी लावत नाही आणि वर्षानुवर्षं कमावलेल्या लिंक ‘पान सापडलं नाही’ या फलकावर जाऊन आदळतात. असे दोष अर्ध्या दिवसात दुरुस्त होतात. ते आहेत, हे आधी कळलं पाहिजे.

वेगाचंही तसंच. गूगलने यासाठी माप दिलं आहे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर वाचताना पान खालीवर हलू नये. क्रमवारीत या मापाचं वजन बेताचंच आहे. पण आपला वाचक एसटीत बसून किंवा रेंज येत-जात असलेल्या वाडीवर पान उघडत असतो. पाच-पाच एमबीची छायाचित्रं त्याच्या माथी मारणं हा आधी त्याच्यावर अन्याय आहे. क्रमवारीचा विचार नंतर.

काही अडचणी मात्र खास मराठीच्या आहेत आणि इंग्रजी पुस्तकांमध्ये त्यांचा मागमूसही सापडत नाही. पहिली फाँटची. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपल्याकडची अक्षरजुळणी पुढे कित्येक वर्षं शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटवर चालत राहिली. या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, फाँट त्यांना फक्त देवनागरीचा चेहरा देतो. सर्च इंजिन साठवलेलं वाचतं, म्हणून त्याच्या दृष्टीने तो मजकूर निरर्थक असतो. अनेक संस्थांच्या स्मरणिका, अहवाल आणि मासिकांचे जुने अंक याच रूपात पीडीएफ होऊन पडले आहेत. त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करून, मुद्रितं तपासून, प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र शीर्षक द्यायचं, हे कष्टाचं काम आहे. मराठी वेबसाठी यापेक्षा मोठं पुण्याचं काम मला माहीत नाही.

दुसरी अडचण आपल्या व्याकरणातून येते. पुणे हे नाव वाक्यात पुण्यात, पुण्याहून, पुण्याचा अशी रूपं घेतं. आंब्याची पेटी विकणाऱ्या पानावर ‘आंबा’ हा शब्द तसाच्या तसा एकदाही येणार नाही, असं होऊ शकतं. वाक्याचा संदर्भ समजून घेणारं ‘बर्ट’ हे तंत्र गूगलने डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून अधिक भाषांत वापरायला घेतलं, त्यात मराठी होती. तेव्हापासून अशी रूपं ओळखण्याच्या बाबतीत यंत्राकडून जास्त अपेक्षा ठेवता येते. म्हणून तोच तो शब्द कोंबत वाक्यांचा गळा दाबू नये. मजकूर सहज मराठीत लिहावा आणि शीर्षकात व पहिल्या परिच्छेदात शब्दाचं मूळ रूप एकदा तरी येऊ द्यावं.

तिसरी बाब टंकलेखनाची. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घेतात, दुसरीत साधा ‘र’ घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणक ते वेगळे शब्द म्हणून साठवतो. तुमच्या वेबसाइटवरच्या शोधखिडकीत ‘शेतकऱ्यांसाठी’ टाकल्यावर निम्मेच लेख येत असतील, तर आधी हे तपासा. संपादन करणाऱ्या सगळ्यांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी. चौथी बाब पत्त्याची. देवनागरीतला पत्ता दिसायला छान, पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला की बऱ्याचदा टक्केचिन्हांची लांबलचक रांग होते आणि ती पाहून लोक क्लिक करायला बिचकतात. म्हणून पानाचा पत्ता रोमन लिपीत, आखूड आणि वाचता येईल असा ठेवावा, मजकूर मात्र देवनागरीतच. शिवाय पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करावी. पानाची भाषा गूगल मजकुरावरूनच ओळखतं, पण या नोंदीमुळे दृष्टिहीनांसाठीचे वाचक-प्रोग्राम योग्य आवाज निवडू शकतात आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं उमटतात.

आता एक उदाहरण जवळून पाहू. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतर थेट ग्राहकाला आंबा विकणाऱ्या बागायतदारांच्या वेबसाइटला वेगळं महत्त्व आलं, कारण हापूसच्या नावाखाली दुसरा आंबा विकला जातो हे ग्राहकालाही माहीत झालं आहे. अशा वेबसाइटचं नेहमीचं रूप असं: पहिल्या पानाचं शीर्षक ‘होम’, वर पिवळ्याधमक आंब्यांचं मोठं छायाचित्र, त्या छायाचित्रातच कोरलेला दर आणि फोन नंबर. यंत्राला यातून नीट कळत नाही की इथे काय मिळतं, कुठलं मिळतं आणि कुठे पोचवलं जातं.

तेच शीर्षक ‘देवगड हापूस: पेटीचा दर, फळाचा आकार आणि पुण्या-मुंबईत घरपोच पाठवणी’ असं केलं, दर मजकुरात लिहिला, चार, पाच आणि सहा डझनांच्या पेटीत फळाचा आकार कसा बदलतो ते सांगितलं, तर ग्राहकाच्या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात. पान मोहोर येतो तेव्हाच तयार हवं. एप्रिलमध्ये लिहायला बसलं तर सर्च इंजिनने ते ओळखेपर्यंत पाऊस येतो. दर वर्षी नव्या हंगामाचं नवं पान काढू नये. एकच पत्ता ठेवून त्यावरचे दर आणि तारखा बदलाव्यात, म्हणजे आधीच्या वर्षांत मिळालेल्या लिंक आणि विश्वास पुढच्या वर्षीही कामाला येतात.

खरी ताकद मात्र यापुढे आहे. आंबा कापल्यावर आतून पांढरट, भुसभुशीत निघाला की ग्राहक चिडतो आणि गूगलला विचारतो, ‘हापूस आंबा आतून पांढरा का निघतो?’ बागायतदाराला याचं उत्तर तोंडपाठ असतं. हा साका. बाहेरून फळ निर्दोष दिसतं, वासही येतो, पण गराचा काही भाग पिकतच नाही. कडक ऊन, तापलेली जमीन, तोडणीला झालेला उशीर यांचा त्याच्याशी संबंध आहे, म्हणून फळ झाडावर पूर्ण पिकायची वाट न पाहता तयार झालं की झेल्याने उतरवतात आणि अढीत पिकवतात. हे सगळं स्वतःच्या बागेतल्या छायाचित्रांसह, आपण तोडणी कधी करतो आणि साका निघाल्यास ग्राहकाला काय भरपाई देतो यासकट एका पानावर लिहिलं, तर त्या पानाची बरोबरी करणं इतरांना फार जड जाईल, कारण तो अनुभव त्यांच्याकडे नाही. गूगलने आपल्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शनात डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला प्रत्यक्ष अनुभव हा निकष घातला. आपल्या शेतकऱ्यांकडे, कारागिरांकडे, वैद्यांकडे, वकिलांकडे आणि शिक्षकांकडे हाच माल भरपूर आहे. तो लिहून काढलेला नाही, एवढंच.

लिंक मिळवण्याचाही सरळ मार्ग असाच आहे. साक्यावरचं पान चांगलं असेल तर एखादा कृषिपत्रकार त्याचा हवाला देईल, एखादी पाककृतींची वेबसाइट आंबा निवडताना तिकडे बोट दाखवेल. ज्यांचा व्यवसाय गावापुरता किंवा शहरापुरता आहे त्यांनी गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरावं, वेळा आणि पत्ता अचूक ठेवावा आणि ग्राहकांच्या प्रत्येक अभिप्रायाला सभ्य उत्तर द्यावं. विकतचे अभिप्राय आणि विकतच्या लिंक यांना या पुस्तकात जागा नाही.

मोजमापाशिवाय यातलं काहीच कळत नाही. सर्च कन्सोल हे गूगलचं साधन फुकट आहे. तुमचं पान कोणत्या शब्दांवर दिसलं, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतं हे त्यात कळतं, तेही मागच्या १६ महिन्यांचं. त्यातले आकडे पाहताना एकच प्रश्न विचारायची सवय लावा: लोक ज्या शब्दांनी इथवर आले, त्या शब्दांमागचा प्रश्न या पानाने सोडवला का? पान हजारदा दिसतं आणि क्लिक मोजकेच होतात, तेव्हा शीर्षक आणि वर्णन बोलत नाही असं समजा. क्लिक भरपूर आणि विचारणा शून्य असेल, तर मजकूर आणि शीर्षक यांचं जुळत नाही. नुसती वर्दळ वाढवून हाती काही लागत नाही. आंबा विकणाऱ्याला आंब्याचं चित्र डाउनलोड करायला आलेले दहा हजार पाहुणे मिळाले, तरी पेटी एकही जात नाही. आणि धीर धरावा लागतो. सुधारणा सुरू केल्यापासून फळ दिसायला चार महिने ते वर्षभर लागू शकतं, असं गूगलचंच सांगणं आहे.

हे लिहीत असताना शोधाचं रूप पुन्हा बदलत आहे. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात गूगलने निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेला सारांश दाखवायला सुरुवात केली. साध्या प्रश्नांची उत्तरं आता तिथेच वाचून लोक पुढे जातात. वाचक आपल्या पानापर्यंत येणारच नाही, ही भीती खरी आहे आणि ज्या वेबसाइट इकडची तिकडची माहिती गोळा करून जगत होत्या, त्यांना त्याचा फटका बसणारच. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलने केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर पाडण्याविरुद्धचा नियम कडक केला, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने. माझं मत यामुळे आणखी पक्कं झालं आहे. यंत्र जो सारांश रचतं, त्यासाठी त्याला कोणीतरी आधी प्रत्यक्ष पाहून, करून, तपासून लिहिलेलं लागतं. मराठीत असं लेखन युनिकोडमध्ये, उघड्या पानांवर, नीट शीर्षकांखाली उपलब्ध नसेल, तर मराठी माणसाला मिळणारी उत्तरं दुसऱ्या भाषेतल्या, दुसऱ्या मातीतल्या अनुभवांवर रचली जातील. शेती, आरोग्य आणि कायदा या विषयांत हे महागात पडेल.

हे पुस्तक लहान व्यावसायिकांसाठी, संस्थांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, पत्रकारांसाठी आणि मराठीत सातत्याने लिहिणाऱ्या कोणासाठीही आहे. कोड येत नसलं तरी चालेल. पहिल्या भागात वेबसाइटची तपासणी आहे, दुसऱ्यात मजकूर आणि भाषा, तिसऱ्यात लिंक, स्थानिक शोध आणि मोजमाप. ज्यांची वेबसाइट जुनी आहे त्यांनी क्रमाने वाचावं. ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी मात्र एक काम कराच. गेल्या महिन्यात ग्राहकांनी, वाचकांनी किंवा विद्यार्थ्यांनी तुम्हाला फोनवर, दुकानात, वर्गात जे प्रश्न विचारले, त्यांतले दहा त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा. त्यांचं मराठी शुद्ध करू नका, प्रश्न जोडू नका, गाळू नका. मग एकेक प्रश्न गूगलमध्ये टाकून पाहा. ज्या प्रश्नाला धड मराठी उत्तर मिळत नाही, तिथे तुमची जागा रिकामी आहे. पहिलं पान त्याच प्रश्नावर लिहा.